भाच्याला गाडी दिली अन् अपघात झाला. भरपाई कोण देणार? चावी देण्याआधी प्रत्येक गाडीमालकाने हे वाचावे

तालुका प्रतिनिधी : लग्नसराई आणि उसाचा हंगाम एकाच वेळी चालू असतो. गावात चारचाकी असणाऱ्याकडे या दिवसांत कोणी ना कोणी चावी मागायला येतंच. "मामा, एक दिवस गाडी द्या, पाहुण्यांकडं सुपारी फोडायला जायचंय." नात्यात नाही म्हणता येत नाही. मामा म्हणतात, "घेऊन जा, पण रात्रीचं जपून चालव." चावी हातात जाते, डिझेल कोण टाकणार एवढंच बोलणं होतं आणि गाडी निघते.

आता समजा, रात्री परत येताना रस्त्यात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे. भाचा गाडी वळवतो, समोरून येणाऱ्या मोटारसायकलला धडक बसते आणि गाडी चारीत जाते. मोटारसायकलवाला गंभीर जखमी, गाडीचा पुढचा भाग चेपलेला आणि भाच्याचा पाय मोडलेला. दुसऱ्या दिवशी घरात एकच प्रश्न असतो, इन्शुरन्स मिळणार का? गाडी मामाची, चालवत होता भाचा.

पारावर याची वेगवेगळी उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं मालक स्वतः नव्हता म्हणून क्लेम होत नाही. कोणी म्हणतं फुल इन्शुरन्स आहे, काळजी नाही. दोन्ही अर्धवट खरं आहे. या अपघातात नुकसान तीन जणांचं झालं आहे : मोटारसायकलवाल्याचं, गाडीमालकाचं आणि भाच्याचं. तिघांचे नियम वेगळे आहेत आणि सगळ्यात कमी संरक्षण कोणाला आहे हे बहुतेकांना अपघात झाल्यावरच कळतं.

विमा गाडीचा, माणसाचा नाही

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गाडीचा विमा गाडीसोबत चालतो. मालक स्वतः चालवत असला तरच विमा, असा नियम नाही. प्रत्येक पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल एक कलम असते. त्याचा सरळ अर्थ असा की विमाधारक किंवा दुसरी कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन पाहिजे आणि तिचे लायसन रद्द किंवा निलंबित झालेले नसावे.

म्हणजे मामाच्या परवानगीने, लायसन असलेला भाचा गाडी चालवत असेल तर केवळ 'मालक गाडीत नव्हता' या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण यात तीन अटी गुंतलेल्या आहेत. मालकाची परवानगी, चालवणाऱ्याचे लायसन आणि गाडीचा वापर. यातली एक जरी तुटली तरी प्रकरण अडकते.

'फुल इन्शुरन्स' खरंच फुल आहे का?

गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दोन्ही एकत्र असले की लोक त्याला फुल इन्शुरन्स म्हणतात.

इथे अनेक जण फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नवीन चारचाकी घेताना तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. पण स्वतःच्या नुकसानीचा विमा बऱ्याच वेळा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून मिळालेल्या कागदावर तीन वर्षांची तारीख दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षापासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला एक रुपयाचेही संरक्षण नसते. आजच पॉलिसी काढून दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या तपासाव्यात. कागद सापडत नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर अ‍ॅपवर गाडीची माहिती पाहता येते, पण तिथे फक्त विम्याची मुदत कळते. विमा कोणत्या प्रकारचा आहे हे पॉलिसीवरच पाहावे लागते.

मोटारसायकलवाल्याला पैसे कोण देणार?

जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करता येतो. जिल्हा न्यायालयात हे काम चालते. त्या दाव्यात तिघांना पक्षकार केले जाते : गाडी चालवणारा, गाडीचा मालक आणि विमा कंपनी. "मी तर घरी झोपलो होतो" हे मालकाचे उत्तर तिथे पुरत नाही. गाडी त्याच्या परवानगीने रस्त्यावर आली होती, त्यामुळे जबाबदारी त्याच्याकडेही येते.

विमा चालू असेल आणि अटी पाळलेल्या असतील तर मालक आणि चालवणारा या दोघांच्या वतीने कंपनी पैसे भरते. मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण वय, कमाई, अवलंबून असणारी माणसे पाहून रक्कम ठरवते. समोरच्याची गाडी, दुकान, भिंत अशा मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. चारचाकीच्या पॉलिसीत ती साधारण साडेसात लाख आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख रुपये असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा अशी मुदत कायद्यात घातली आहे. 'आपसात मिटवू' म्हणत वर्ष घालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गाडीचे बिल : कंपनी देते, पण सगळे नाही

आता मामाच्या गाडीचे पाहू. स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू आहे, भाच्याकडे लायसन आहे, क्लेम मंजूर झाला. तरीही पूर्ण बिल मिळत नाही. साध्या पॉलिसीत पार्टच्या जुनेपणाची घट कापली जाते. प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के कपात होते. काचेवर कपात नाही. लोखंडी पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात असते. पाच ते दहा वर्षे जुन्या गाडीला ती ४० टक्के आहे. झिरो डेप नावाचे जादा कव्हर घेतले असेल तरच ही कपात टळते.

समजा गाडी सहा वर्षांची आहे आणि गॅरेजचे बिल एक लाख झाले. त्यात लोखंडी पार्ट ४० हजार, बंपर-लाईट असे प्लास्टिक ३० हजार, काच १० हजार आणि मजुरी २० हजार. लोखंडी पार्टचे मिळतील २४ हजार, प्लास्टिकचे १५ हजार, काच आणि मजुरी पूर्ण. झाले ६९ हजार. त्यातून प्रत्येक क्लेमला कापली जाणारी सक्तीची रक्कम वजा होते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती एक हजार रुपये आहे. हातात पडतात ६८ हजार. उरलेले ३२ हजार मालकाच्या खिशातून जातात.

याशिवाय नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षे क्लेम न घेतलेल्या मालकाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळत असते. भाच्याच्या हातून झालेल्या एका अपघाताने ती शून्यावर येते आणि पुढच्या वर्षीपासून मोजणी पुन्हा सुरू होते. चूक भाच्याची असली तरी बोनस मामाचा जातो.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. मग ती किंमत मिळते. पण गाडीवर कर्ज असेल तर ती रक्कम आधी बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या थकबाकीत जाते. उरले तर मालकाला. न उरल्यास गाडी गेली आणि हप्ते राहिले, अशी गत होते.

वरचे ३२ हजार कोणी भरायचे?

इथे विम्याचा कायदा संपतो आणि उसनवारीचा कायदा सुरू होतो. भारतीय करार कायदा १८७२ मध्ये दुसऱ्याची वस्तू वापरायला घेणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घेतली पाहिजे (कलम १५१). तेवढी घेऊनही नुकसान झाले तर तो जबाबदार नाही (कलम १५२). पण निष्काळजीपणा केला असेल तर मालक नुकसान मागू शकतो.

कलम १५४ तर गावाकडच्या प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे असे आहे. ज्या कामासाठी वस्तू दिली ते सोडून दुसऱ्याच कामाला वापरली, तर त्या वापरात झालेल्या नुकसानीला घेणारा जबाबदार असतो. दवाखान्यासाठी म्हणून गाडी नेली आणि मित्रांना घेऊन फिरायला गेला, तर 'माझी चूक नव्हती' हे म्हणणेही चालत नाही.

व्यवहारात मामा भाच्यावर दावा लावत नाही. पण अबोला नक्की धरला जातो. त्यामुळे 'काही झालं तर विम्याच्या वरचा खर्च कोणाचा' हे चावी देतानाच बोललेले बरे.

क्लेम कुठे अडकतो?

लायसन नसणे. गावात सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच अडकतात. चालवणाऱ्याकडे लायसन नव्हते, मुदत संपली होती किंवा फक्त दुचाकीचे होते आणि चालवत होता चारचाकी, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. थर्ड पार्टीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात यावर तपशीलवार निकाल दिला. त्या आधारे न्यायाधिकरणे बऱ्याच वेळा कंपनीला आदेश देतात की जखमीला आधी पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. म्हणजे जखमीचे भागते, पण लाखोंची रक्कम मालकाच्या डोक्यावर येते. कलम १७४ प्रमाणे भरपाईची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचीही तरतूद आहे. एक दिवस दिलेल्या गाडीची झळ सातबाऱ्यापर्यंत पोहोचू शकते ती अशी.

त्याच निकालात मालकांच्या फायद्याची एक गोष्ट आहे. केवळ लायसन नव्हते किंवा बनावट निघाले एवढ्यावर कंपनी सुटत नाही. मालकाने निष्काळजीपणा केला, योग्य ती काळजी घेतली नाही, हे कंपनीला दाखवावे लागते. म्हणून चावी देण्याआधी लायसन डोळ्यांनी पाहणे आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ठेवणे याला किंमत आहे. तो फोटो उद्या पुरावा होतो.

लायसन नसलेल्याला गाडी देणे हा मालकाचा वेगळा गुन्हाही आहे. कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा १८ वर्षांच्या आतला असेल तर कलम १९९ अ लागते. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, तसेच गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

पिकअप उसना नेणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या मोटार वाहनाचे लायसन असणारा माणूस ७,५०० किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

भाड्याने देणे. पांढऱ्या पाटीची गाडी ही खासगी वापराची. भाडे घेऊन माणसे नेणे पॉलिसीत बसत नाही. भाच्याने डिझेल टाकून गाडी परत आणली तर ते भाडे नव्हे. पण 'दिवसाचे दोन हजार आणि डिझेल तुमचं' असा व्यवहार झाला, फोनवरून पैसे पाठवले आणि अपघातानंतर गाडीतल्या एकाने जबाबात 'भाड्याने आणली होती' असे सांगितले, की कंपनीच्या हातात मुद्दा येतो. अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात क्लेम पूर्ण नाकारणे योग्य नाही असे म्हटले. वापराची अट मोडली असल्यास मान्य होणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत त्यात मान्य झाली. पण ते मिळवायला बऱ्याचदा तारखा घालवाव्या लागतात.

दारू. चालवणारा प्यायलेला असेल आणि तपासणीत ते आले, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम विसरावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर थर्ड पार्टी दाव्यातही हा मुद्दा कंपनीला मांडता येतो.

गाडी नावावर नसणे. जुनी गाडी विकली, पैसे घेतले, टीटी फॉर्मवर सही करून दिली आणि आरटीओत नाव बदललेच नाही, असे गावोगावी आहे. त्या गाडीचा अपघात झाला तर? २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी चार हात फिरून गेलेली असली तरी नोटीस पहिल्या मालकाच्या दारात येते. घेणाऱ्याचेही नुकसान आहे. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज करावा लागतो.

ट्रॅक्टर-ट्रॉली. शेतीकामाच्या नावाने विमा काढलेला ट्रॅक्टर उसना नेऊन ट्रॉलीत यात्रेला किंवा लग्नाला माणसे नेली आणि ट्रॉली उलटली, तर कंपनी त्या माणसांची जबाबदारी नाकारते. ट्रॉलीची पॉलिसीत वेगळी नोंद लागते, ती अनेकांची नसतेच.

गाडीत बसलेल्यांचे काय?

भाच्यासोबत दोन पाहुणे गाडीत होते आणि त्यांनाही लागले. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसांना किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्याला त्यात संरक्षण नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात हे सांगितले आहे. फुल इन्शुरन्स असेल तर मात्र गाडीतली माणसे आणि मागे बसलेला दोघेही त्यात येतात. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केले आहे. जुन्या गाडीचा विमा काढताना दोन-तीन हजार वाचवायला नुसता थर्ड पार्टी घेणाऱ्यांनी आपल्या मागे कोण बसते याचा विचार करावा.

सगळ्यात उघडा पडतो तो चालवणारा

आता तिसरा माणूस, भाचा. लोकांना वाटते, गाडीला विमा आहे म्हणजे चालवणाऱ्यालाही आहे. तसे नाही.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. मालकाच्या परवानगीने गाडी घेऊन चालवणारा हा तिसरा नसतो, तो कायद्याने मालकाच्या जागी येऊन उभा राहतो. मालक स्वतःच्याच थर्ड पार्टी विम्यातून स्वतःसाठी पैसे मागू शकत नाही, तसेच उसनी गाडी नेणाराही मागू शकत नाही. कर्नाटकात एक जण मित्राकडून घेतलेली मोटारसायकल चालवत होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. घरच्यांनी कलम १६३ अ खाली त्या मोटारसायकलच्या विम्यातून भरपाई मागितली. २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उसनी गाडी घेणारा मालकाच्या जागी आलेला असतो, त्याच्या वारसांना त्या कलमाखाली असा दावा करता येत नाही.

२०२० च्या रामखिलाडी प्रकरणातही मृत माणूस दुसऱ्याची मोटारसायकल चालवत होता. धडक दुसऱ्या मोटारसायकलची होती. पण घरच्यांनी दावा त्या दुसऱ्या गाडीवर न लावता, तो चालवत होता त्याच गाडीच्या मालकावर आणि कंपनीवर लावला. शेवटी वैयक्तिक अपघात विम्याचे फक्त एक लाख रुपये मिळाले. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. चूक समोरच्या गाडीची असेल तर दावा समोरच्या गाडीवर, तिच्या मालकावर आणि तिच्या कंपनीवर लावायचा. आमच्या उदाहरणात रिफ्लेक्टर न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॉलीचा नंबर आणि फोटो पंचनाम्यात येणे म्हणूनच महत्त्वाचे. ट्रॉली निघून गेली की तो मुद्दा सिद्ध करणे अवघड होते.

पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो 'मालक-चालक' म्हणून असतो. गाडी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि लायसन ज्याच्याकडे, त्या एकाच माणसासाठी. भाच्याने त्यावर विसंबून राहू नये.

मग उपाय काय? स्वतःच्या नावाचा अपघात विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात खाते एवढेच लागते. गाडी कोणाचीही असो, हा विमा माणसाचा आहे. खात्यात त्या वेळी २० रुपये नव्हते म्हणून तो बंद पडलेले अनेक जण असतात, पासबुकावर नोंद तपासावी. शेतकरी कुटुंबासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. अपघाती मृत्यूला दोन लाखांची मदत मिळते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. दुःखात हे दिवस कधी निघून जातात ते कळत नाही, म्हणून भावकीतल्या एकाने ते काम अंगावर घ्यावे.

ड्रायव्हर बदलू नका

अपघातानंतर गावात पहिला सल्ला मिळतो तो हा : "याच्याकडं लायसन नाही, त्याचं नाव सांगा." कृपा करून हे करू नये. कंपनीचा तपासनीस घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे, जखमींचे जबाब सगळे जुळवून पाहतो. पाय मोडला भाच्याचा आणि ड्रायव्हर म्हणून नाव चुलत भावाचे, हे पहिल्याच दिवशी उघडे पडते. खोटे सिद्ध झाले की मिळणारा क्लेमही जातो. शिवाय ज्याचे नाव दिले त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. अपघातात कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मदत म्हणून नाव देणारा माणूस त्यात अडकतो.

अपघात झाला तर हा क्रम ठेवा

१. आधी जखमींना दवाखान्यात न्या. १०८ किंवा ११२ ला फोन करा. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, त्याची विचारणा करा.

२. जमावाच्या मारहाणीची भीती असेल तर पळून न जाता थेट पोलीस ठाणे गाठा. २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे चालकाचे कर्तव्य आहे.

३. गाडी हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. समोरच्या वाहनाची नंबर प्लेट त्यात यावी.

४. मालकाला लगेच खरे सांगा. मालकाने विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि तक्रार नंबर लिहून घ्यावा.

५. सर्व्हेअर येऊन पाहेपर्यंत गाडी खोलू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याने घाई केली तरी थांबा.

६. एफआयआर, पंचनामा, लायसन, आरसी आणि पॉलिसी यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा.

क्लेम नाकारला तर

तोंडी 'होत नाही' ऐकून घरी बसू नये. नकार लेखी मागावा, त्यात कारण लिहिलेले असते. आधी कंपनीच्या तक्रार विभागात अर्ज द्यावा. दाद न लागल्यास विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. विमा लोकपालाकडेही जाता येते. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, तिथे मुदत दोन वर्षांची.

चावी देण्याआधी पाच गोष्टी

लायसन पाहा आणि फोटो ठेवा. विम्याच्या दोन्ही तारखा पाहा. कुठे आणि कशासाठी नेतो ते विचारा, जमल्यास मेसेजवर लिहून घ्या. पैसे घेऊन गाडी देऊ नका. विम्याच्या वरचा खर्च कोणाचा ते आधी बोला.

गाडी मागणाऱ्यानेही दोन गोष्टी कराव्यात. न मागता स्वतःचे लायसन पुढे करावे आणि स्वतःच्या नावाचा २० रुपयांचा विमा चालू आहे का ते पाहावे.

सख्ख्या भाच्याला लायसन विचारायला मामाला संकोच वाटतो, हे खरे आहे. पण चावी देताना तो गाडीबरोबर स्वतःचा विमा, बोनस आणि वेळ आली तर सातबाराही भाच्याच्या हाती देत असतो. दोन मिनिटांचा संकोच पत्करला तर पुढचा कोर्टाचा फेरा आणि नात्यातला अबोला दोन्ही टळू शकतात.